नाव, जागा, टपाल आणि शरयूकाकू

शरयू पोतनीस. हे नाव आधी लिहून ठेवतो. पुढे जे सांगणार आहे त्यात चांदी येईल, इंटरनेट येईल, माझे मामा येतील आणि एक अधिक महिनाही येईल. त्या गर्दीत हे नाव मागे पडायला नको. उज्जैनातलं माझं दुकान आज उघडं आहे ते यांच्यामुळे. मी त्यांना काकू म्हणतो. पहिल्या दिवशी मॅडम म्हटलं होतं, तर म्हणाल्या, "मॅडम नका म्हणू हो. मॅडम म्हटलं की मला वाटतं, तुमची काही तक्रार आहे."

मी धनाजी, सांगली जिल्ह्यातला, खानापूर तालुक्याच्या बाजूचा. आमच्याकडे घरटी एखादा माणूस गलाईच्या धंद्यात असतो. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळणं. मोडीचे दागिने, सराफाच्या दुकानातला झाडलेला कचरा भट्टीत घालायचा आणि शुद्ध धातू वेगळा काढायचा. हा धंदा गावात चालत नाही, कारण गावात गाळण्याइतकं सोनं नसतं. म्हणून आमची माणसं देशभर पसरलीत. मी नववीत शाळा सोडली आणि मामांच्या मागून उज्जैनला आलो. पुढे मामा गावी परतले. मालक तेच राहिले, भट्टीपुढे मी राहिलो.

मला मुळात काळजी करायची सवय. शटर लावलं की परत येऊन कुलूप ओढून बघतो, थोडं पुढे गेलो की पुन्हा येतो. त्या वर्षी तर काळजीला कारणही होतं. सराफ्यात काम कमी झालं होतं. मामांनी निरोप धाडला होता : दुकान स्वतःचा खर्च काढत नसेल तर कुलूप लाव आणि कोइमतूरला दाजींच्या दुकानात जा. म्हणजे दुसऱ्याच्या भट्टीपुढे पहिल्यापासून सुरुवात. मला इथली हिंदीच कशीबशी आली होती. तमिळचा तर एक शब्दही येत नव्हता.

तेवढ्यात इंदूरच्या एका कंपनीचं काम मिळण्याची शक्यता दिसली. ते पूजेची चांदीची भांडी बनवतात. त्यांची मोडतोड आणि किस दर महिन्याला गाळून द्यायचा, असं कायमचं काम. त्यांच्या खरेदी विभागातल्या बाई फोनवर म्हणाल्या, "भैया, फ्रीवाला ईमेल नहीं चलेगा. दुकान के नाम का ईमेल आईडी चाहिए. और छोटी-मोटी वेबसाइट हो तो अच्छा."

असली वस्तू कुठल्या दुकानात मिळते हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या सराफाने सांगितलं, "फ्रीगंज में टावर चौक के पीछे एक आंटी हैं. वो करवा देती हैं."

करून देतात असं तो म्हणाला नाही. करवून देतात म्हणाला. फरक मला तिथे गेल्यावर कळला.

दार उघडंच होतं. दिवाणावर एक बाई वाती वळत बसल्या होत्या. समोर टेबलावर कॉम्प्युटर चालू होता आणि त्याच्यापुढची खुर्ची रिकामी होती.

"या. चपला आत घेऊन ठेवा. आजकाल कुत्रा उचलून नेऊन राहिला आहे," त्या म्हणाल्या. "काय पाहिजे?"

"ईमेल."

"किती?"

मी गडबडलो. "एक."

"भागेल एकात?"

"भागेल बहुतेक."

"मग बसा न खुर्चीवर."

"मी?"

"मग काय मी? मेल कोणाचा आहे?"

दुसऱ्याच्या कामाच्या कीबोर्डला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता. सांगायच्या सगळं, पण हात मांडीवर. हात रिकामा राहिला तर तो आपसूक पुढे जातो, म्हणून वाती. काकूंच्या घरात देवासमोर एक दिवा लागायचा आणि वाती मात्र अख्ख्या देवळाला पुरतील एवढ्या होत्या. उरलेल्या त्या गिऱ्हाइकांना वाटायच्या. मी अंगाऱ्यासारख्या खिशात घालून आणायचो.

"तीन गोष्टी आहेत," त्या म्हणाल्या. "नाव, जागा, टपाल. नाव म्हणजे दुकानाची पाटी. जागा म्हणजे खोली, तिथे तुमची वेबसाइट राहते. टपाल म्हणजे मेल. तिन्ही वेगळं आहे. पाटी कायमची विकत मिळत नाही, वर्षाच्या भाड्यानं मिळते. भाडं चुकलं की पाटी उतरते. पाटी उतरली की खोली असूनही कोणाला सापडत नाही आणि टपाल आल्या पावली परत जातं. समजलं?"

मी मान हलवली.

"नाही समजलं. समजलेला माणूस इतक्या लवकर मान हलवत नाही."

त्यांनी पुन्हा सांगितलं. अगदी त्याच शब्दांत, त्याच सुरात. काकू टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या, म्हणजे परगावचे फोन हाताने जोडून द्यायच्या. नोकरीभर त्यांनी हजारो माणसांना एकच वाक्य न कंटाळता सांगितलं होतं आणि तो सूर त्यांच्या गळ्यात कायमचा बसला होता. चिडल्या तरी तोच सूर. फक्त वाक्याआधी "हे बघा" यायचं.

त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दप्तरात नोकरीला म्हणून माळव्यात आले आणि परत गेलेच नाहीत. मी एकदा विचारलं, "काकू, तुमचं मूळ गाव कुठलं?"

"हेच."

"त्याच्या आधीचं?"

"त्याच्या आधीचं इथे कोणी विचारत नाही हो."

वेबसाइटींच्या कामात त्या स्वतःहून पडल्या नव्हत्या. त्यांचा भाचा त्यांच्याकडे राहून हा धंदा करायचा. त्याला बंगलोरला नोकरी लागली आणि जाताना तो एक मांजर आणि सगळ्या गिऱ्हाइकांच्या वेबसाइटी काकूंच्या हवाली करून गेला. "मांजर महिन्याभरात निघून गेलं," काकू सांगायच्या. "हे बाकीचे राहिले."

नाव ठरवायला आम्हाला आठवडा लागला. मामांनी गावाहून नाव पाठवलं होतं. त्यात कुलदैवत होतं, आजोबा होते, मामांचा मुलगा होता आणि शेवटी "अँड सन्स" होतं. काकूंनी ते वाचलं आणि माझा फोन माझ्या हातात दिला.

"मी आत जाते. मला फोन लावा आणि पत्ता सांगा. समजा मी गिऱ्हाईक आहे."

मी फोन लावला. त्या स्वयंपाकघरात, मी बाहेर. अक्षर अक्षर सांगत मी आजोबांपर्यंत पोचलो आणि पलीकडे कुकरची शिट्टी झाली. काकू बाहेर आल्या.

"गिऱ्हाईक गेलं," त्या म्हणाल्या. "त्याची भाजी लागत होती."

असं करत करत एकेक माणूस गळत गेला. आधी अँड सन्स, मग मामेभाऊ, मग आजोबा. शेवटी देवही गेला आणि दोन लहान शब्द उरले. एक गावाचा, एक चांदीचा. ते मी एका दमात सांगितले आणि काकूंनी आतून ते बिनचूक परत म्हटले. मामांना कळवलं, तर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

बोलले ते एक अट घेऊन. पाटी घ्यायची तर अक्षय तृतीयेलाच. आमच्या धंद्यात धातू वितळवायची नवी मूससुद्धा त्याच दिवशी भट्टीत जाते.

"घ्या न," काकू म्हणाल्या. "उज्जैनात राहून मुहूर्ताला मी नाही कशी म्हणू? एवढंच की पाटीवाल्यांना तिथी कळत नाही. ते तारखेनं चालतात. हे तुमच्या मामांना सांगून ठेवा."

मी सांगितलं. मामा "बरं" म्हणाले. मामा ज्या गोष्टीला बरं म्हणतात ती त्यांनी ऐकलेली नसते.

काकूंचा दुसरा नियम असा : पाटी मालकाच्या नावाची, आणि तिचा मोबाइल नंबरही मालकाचाच. एका डॉक्टरांची पाटी त्यांच्या मुलाच्या मित्राच्या नावावर होती. मुलाचं आणि मित्राचं क्रिकेटच्या मॅचवरून भांडण झालं आणि दवाखान्याचा मेल आठवडाभर बंद पडला. तेव्हापासून हा नियम. माझ्या दुकानाचे मालक मामा, म्हणून खातं मामांच्या नावाने, ओटीपी मामांच्या फोनवर. दरवर्षी आपोआप पैसे कापून घेण्याची सोय होती, पण कार्डाचा नंबर परक्याकडे ठेवायला मामा तयार नव्हते. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा काकू उठल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तिथे कॅलेंडर होतं. मी टाइप करीपर्यंत त्यांनी पुढच्या तीन महिन्यांच्या एकादश्या पाहून घेतल्या.

मेल सुरू झाला की त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच मेल पाठवायच्या : "आवाज येतोय का?" त्याला उत्तर लिहायचं : "येतोय." मगच काम पुरं. त्यांचे हिंदीवाले गिऱ्हाईकही हे शिकले होते. राम घाटावर एक पंडितजी आहेत. त्यांच्या पूजांची नोंदणी वेबसाइटवर होते आणि ती वेबसाइट काकूंच्या देखरेखीखाली होती. त्यांना मराठीचा दुसरा एक शब्द येत नाही, पण "येतोय" ते असं म्हणतात की वाटावं सदाशिव पेठेत वाढलेत.

काकूंकडे ज्याची त्याची गोष्ट ज्याच्या त्याच्या धंद्यात घालून सांगायची हातोटी होती. उज्जैनजवळच्या भैरवगढचे सलीमभाई लाकडी ठप्प्यांनी चादरी छापतात. त्यांची वेबसाइट उघडायला इतका वेळ लागायचा की माणूस दरम्यान चहा पिऊन यायचा. कारण सलीमभाईंनी आजवर छापलेल्या प्रत्येक चादरीचा फोटो, मोठ्यात मोठ्या आकारात, पहिल्याच पानावर चढवला होता. जागा भरली. काकू म्हणाल्या, जुने काढा, बाकीचे लहान करा.

"काढूं कैसे, दीदी? दादा के ज़माने के डिज़ाइन हैं."

"दादाजी के ठप्पे कहाँ रखे हैं?"

"अलमारी में."

"दुकान के दरवाज़े में क्यों नहीं रखे?"

सलीमभाई विचारात पडले. "ग्राहक अंदर कैसे आएगा फिर?"

"वही," काकू म्हणाल्या आणि पुढची वात घेतली. सलीमभाईंनी त्या दुपारी स्वतःच्या हाताने फोटो लहान केले आणि बरेचसे हलवून आतल्या पानांवर नेले. जाताना काकूंच्या पाया पडायला निघाले, तर काकू म्हणाल्या, "पहले लॉग-आउट करो."

नवख्या माणसाला त्या सगळ्यात जास्त बजावायच्या ते खोट्या मेलांबद्दल. तुमची पाटी संपत आली, आत्ताच्या आत्ता इथे पैसे भरा, असे मेल कोणीही पाठवतं. "जो घाई करतो त्याला पैसे नाही द्यायचे," त्या म्हणायच्या. "खरा माणूस थांबतो." हे मला इतकं पटलं की मी ते मामांनाही फोन करून सांगितलं. ही गोष्ट मात्र मामांनी पहिल्या फटक्यात ऐकली.

वर्ष सरत आलं. इंदूरच्या कंपनीने मधल्या काळात नमुन्याचं काम दिलं, चांदीचा कस तपासून घेतला, दर विचारले, आणखी नमुना दिला. मोठ्या कंपन्यांचं असंच असतं म्हणे. मामा दर फोनला कोइमतूरचं नाव काढत होते. मग एका शनिवारी सकाळी कंपनीच्या बाईंचा फोन आला.

"भैया, एग्रीमेंट कब का भेज दिया. मेल वापस आ रहा है. दुकान बंद कर दी क्या?"

"नहीं मैडम, दुकान में ही बैठा हूँ."

"तो देखिए. आज शाम तक साइन करके उसी आईडी से आना चाहिए. नहीं तो सोमवार को मैं दूसरी पार्टी को दे दूँगी. मेरे ऊपर भी लोग हैं."

मी दुकानाची वेबसाइट उघडून बघितली. तिथे आमच्या भट्टीच्या फोटोऐवजी परदेशी बुटांची जाहिरात होती. मी शटर ओढलं, कुलूप लावलं आणि पहिल्यांदाच ते ओढून न बघता फ्रीगंज गाठलं.

काकूंनी पडदा बघितला. "पाटी उतरली," त्या म्हणाल्या. "भाडं कधी भरायचं होतं?"

"मामा म्हणाले अक्षय तृतीयेला."

काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. अक्षय तृतीयेला अजून बरेच दिवस होते. "मध्ये अधिक महिना होऊन गेला न," त्या स्वतःशी म्हणाल्या. "तिथी पुढे गेली. तारीख तिथेच राहिली." मग माझ्याकडे वळल्या. "अजून आपलं नाव दुसऱ्या कोणी घेतलेलं नाही. मुदत संपली तरी थोडे दिवस ते जुन्या मालकासाठी राखून ठेवतात. आधी इंदूरच्या बाईंना फोन करा."

"काय सांगू? सर्व्हर डाऊन आहे म्हणून सांगू?"

"सर्व्हरनं काय केलंय बिचाऱ्यानं? हे बघा, खरं सांगा. भाडं भरायचं राहिलं, आज चालू करतो."

मी तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, "ठीक है, मैं छह बजे तक ऑफ़िस में हूँ."

मग काकूंनी मामांना फोन लावला. स्पीकरवर.

"नमस्कार. उज्जैनहून शरयू पोतनीस बोलतेय. तुमच्या दुकानाची पाटी उतरली आहे."

"कुणी उतरवली?" मामांचा आवाज चढला. "घरमालकानं?"

"ती नाही. इंटरनेटवरची. भाडं राहिलं."

"राहिलं न्हाई, भरायचंय. अक्षय तृतीयेला घेतली, वरीस अक्षय तृतीयेला पुरं हुतंय."

"मध्ये अधिक महिना आला होता."

"मग त्याची सवलत असंल की."

"नाही हो. त्यांच्याकडे अधिक महिना नाहीये."

"कसली मानसं म्हणायची ही?"

"परदेशातली आहेत," काकू म्हणाल्या. "तुम्हाला त्यांचे मेसेज नाही आले?"

"आलं की. रोज आलं. भरा, भरा, न्हाईतर बंद करतो. पर तुमीच धन्याला सांगितलं हुतं न्हवं, घाई करणाऱ्याला पैसं द्यायचं न्हाईत? म्या एकालाबी उत्तर दिलं न्हाई."

मामांच्या आवाजात अभिमान होता. काकूंचा वाती वळणारा हात थांबला. इतक्या दिवसांत तो हात मध्येच थांबलेला मी पाहिला नव्हता.

"सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. सूर तोच. "ती माझी चूक झाली. घाई करणारा खरा निघाला तर काय करायचं, ते सांगायचं राहिलं. आता मीच सांगते. भरा."

"आज न्हाई. भलत्या दिवशी पैसा सोडला की धंदा बसतोय. अक्षय तृतीया येऊ द्या."

"मामा, सहा वाजेपर्यंतच वेळ हाय. काम गेलं तर दुकान गेलं."

"मग कोइमतूर हाय की."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी कसा दिसत होतो कोण जाणे. त्यांनी वाती बाजूला ठेवल्या, चष्मा सारखा केला आणि फोन जवळ ओढला. "लाइनवर रहा. बंद नका करू," असं म्हणून त्यांनी दुसरा नंबर फिरवला आणि दोन्ही लाइनी जोडल्या. हे करताना त्यांची पाठ ताठ झाली होती. जुन्या नोकरीची एवढीच काय ती खूण.

"पंडितजी, शरयू पोतनीस बोल रही हूँ. एक यजमान लाइन पर हैं, महाराष्ट्र से. उनका प्रश्न है."

मागे घाटावरची घंटा आणि कोणाचं तरी भांडण ऐकू येत होतं. "पूछो यजमान," पंडितजी म्हणाले.

उज्जैनचा पंडित थेट लाइनवर आलेला बघून मामा नरमले. त्यांनी त्यांची सगळी हिंदी गोळा केली. "महाराज, वो पाटी का भाडा भरने का है. आज भरेगा तो चलेगा क्या?"

"काम नया है कि चालू?"

"चालू है. भट्टी है. चांदी का."

"चालू काम का मुहूर्त नहीं देखते. भट्टी रोज़ पंचांग पूछ के जलाते हो?"

घाटावरचं भांडण मिटत आलं होतं.

"नहीं," मामा म्हणाले.

"तो भरो. जय महाकाल."

"महाराज, दक्षिणा?"

"वेबसाइट पे लिखा है सब," पंडितजी म्हणाले आणि गेले.

पैसे भरायला मामा तयार झाले, पण ओटीपी यायला आणि मामांनी चष्मा शोधायला एकच गाठ पडली. चष्मा सापडेपर्यंत ओटीपीची वेळ संपली. दुसऱ्या खेपेला त्यांनी आधीचाच मेसेज पुन्हा वाचून दाखवला. मी खुर्चीत बसून बोटं मोडत होतो. काकू शांतपणे म्हणत होत्या, "हो. नाही, तो नाही, त्याच्या खालचा. हो. सावकाश." शेवटी मामांची सून फोनवर आली, तिने आकडे सांगितले आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली.

मी उठून उभा राहिलो. "झालं?"

"पाटी लागली. पण गावाला कळायला वेळ लागतो," काकू म्हणाल्या. "ही सगळी मशीनं एकमेकांना विचारत विचारत जातात. बसा. पोहे करते."

मला पोहे गेले नाहीत. काकूंनी मला न विचारता माझ्या बशीतले अर्धे परत घेतले. त्या स्वतःच्या फोनवरून मधूनमधून मला मेल पाठवत होत्या आणि ते परत येत होते. दुपार कलली. समोरच्या घरातल्या मुली शिकवणीहून परत आल्या. मी मनातल्या मनात कोइमतूरला पोचलो होतो, तिथल्या भट्टीपुढे बसलो होतो, आणि काहीतरी विचारणाऱ्या माणसाकडे नुसता बघत होतो. तेवढ्यात माझ्या पडद्यावर एक ओळ आली.

"आवाज येतोय का?"

मी लिहिलं, "येतोय."

मी इंदूरला फोन केला, बाईंनी एग्रीमेंट पुन्हा पाठवलं, चौकात जाऊन मी ते छापून आणलं, सही केली आणि परत पाठवलं. थोड्या वेळाने बाईंचा फोन. "मिल गया भैया. लेकिन दूसरे पन्ने पर भी साइन लगता है." पुन्हा चौक, पुन्हा छपाई. सहाच्या आत सगळं पोचलं. "सोमवार से माल आएगा," बाई म्हणाल्या. मी "थँक्यू मैडम" म्हणालो आणि फोन ठेवला.

काकूंचं अजून एक काम उरलं होतं. मामांना पुन्हा फोन. "हे बघा. मी आजवर सगळ्यांना सांगत आले, पाटी मालकाच्या नावाची. आजपासून नियम बदलला. जो दुकानात बसतो त्याच्या नावाची. तुम्ही ती धनाजीच्या नावावर करून द्या."

मला वाटलं आता मामा फोन आपटणार. पण दिवसभराने ते थकले होते. "ते पंडित पुन्ना लाइनवर येणार हायत का?" त्यांनी विचारलं.

"गरज पडली तर येतील."

"नको. करून देतो."

अक्षय तृतीयेला त्यांनी करून दिलं. जगात माझ्या स्वतःच्या नावावर आलेली पहिली वस्तू ती. धरता येत नाही, कपाटात ठेवता येत नाही, पण आहे. पुढच्या वर्षाचं भाडं मी महिनाभर आधी भरलं. आणि काकूंनी नव्या गिऱ्हाइकांना सांगायचं वाक्य वाढवलं : "जो घाई करतो त्याला पैसे नाही द्यायचे. पण मला फोन करून विचारायचं, खरा आहे का."

मागच्या वर्षी काकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. नंतर एकदा जिन्यात पाय घसरला. भाचा बंगलोरहून आला, आता एकटीनं राहायचं नाही म्हणाला. काकूंनी वाद घातला नाही. त्यांनी एकेक गिऱ्हाइकाला बोलावून घेतलं, समोर खुर्चीवर बसवलं आणि सगळं त्याच्याकडून एकदा करवून घेतलं. सलीमभाई येऊन गेले. पंडितजी घाट सोडून आले. मी गेलो तेव्हा खोलीतला दिवाण गेला होता आणि काकू एका बंद खोक्यावर बसून सांगत होत्या, हात मांडीवर. मला एकही गोष्ट विचारावी लागली नाही. त्यांना बरं वाटलं असावं. वाईटही वाटलं असावं. त्यांच्या सुरावरून काही कळायची सोय नव्हती.

स्टेशनवर मी गेलो होतो. भाचा सामान मोजत होता. काकू बाकावर बसल्या होत्या, मांडीवर पर्स, नव्या चष्म्याच्या काचा जाड. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तिकडे दुपारी बोलायला कोण असेल हो?"

मी म्हणालो, "बघू या, काकू." त्यांनी मान हलवली. अगदी लवकर.

एसीचा डबा होता, काचा काळ्या. त्या आत चढल्या आणि मला दिसेनाशा झाल्या. कुठल्या खिडकीशी बसल्यात ते समजेना, म्हणून गाडी हलली तेव्हा मी त्या डब्याच्या सगळ्या खिडक्यांना हात केला.

आता मी रविवारी फोन करतो. म्हणतात, इथे सगळं चांगलं आहे, लिफ्ट आहे, भाचेसून प्रेमळ आहे. दुपारी काय करता विचारलं, तर म्हणतात, "बसते."

मला या गावात ठेवलं त्यांनी, आणि हे गाव सोडावं लागलं त्यांनाच. हे मला काही बरोबर वाटत नाही. भट्टीवर ठेवण्याजोगा भरवशाचा माणूस शोधतोय. तो मिळाला की मी बंगलोरला जाणार आणि काकूंना महिनाभर माझ्या घरी घेऊन येणार. दुपारी दार उघडं ठेवीन. सराफ्यात आणि घाटावर निरोप धाडीन की ज्याला नाव, जागा, टपाल यातलं काही विचारायचं असेल त्यानं येऊन खुर्चीवर बसावं. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणतील, फोकटचा खर्च कशाला. म्हणून इथे लिहितो. काकू, हे मी करणार आहे.